क्रिटा: सजीवाचं चित्र न काढता अ‍ॅनिमेशन करणाऱ्यांसाठी

अ‍ॅनिमेशन शिकवणारा कुठलाही धडा उघडा, उडत्या चेंडूचा सराव संपला की लगेच डोळे, तोंड आणि चालणारे पाय सुरू होतात. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच मुसलमान घरांत गाडी नेमकी तिथेच अडते. पोराला नाहीतर पोरीला चित्रांचा नाद असतो, स्टायलस हातात आलेला असतो आणि घरातली मोठी माणसं सांगतात, जानदार काही काढू नको. या मर्यादेत राहून छंद म्हणून अ‍ॅनिमेशन करायचं तर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, एवढ्यापुरतं हे परीक्षण आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो: क्रिटा. त्याची ताकद नक्षी, पाणी, पानं, आकाश या कामांत आहे आणि ते लंगडं पडतं ते मुख्यतः पात्रं नाचवताना. ज्याला पात्रं नकोच आहेत, त्याला त्या लंगडेपणाशी काय देणंघेणं?

पण आधी मर्यादा नेमकी कुठे आहे ते पाहू. "इस्लाममध्ये चित्र हराम" हे वाक्य जितक्या सहज बोललं जातं तितका मामला सरळ नाही.

कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहेत. घाटावरचे बहुतेक मुसलमान हनफी. सुन्नी इस्लाममधल्या धर्मकायद्याच्या चार परंपरांपैकी (मजहबांपैकी) या दोन. चित्रांच्या बाबतीत शाफई मत कडक आहे. इमाम नववी (मृत्यू 1277) यांनी सहीह मुस्लिम या हदीसांच्या (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींच्या) संग्रहावरच्या भाष्यात स्पष्ट लिहिलंय की सजीवाचं चित्र काढणं सक्त हराम, मग ते कापडावर असो, भांड्यावर, नाण्यावर की भिंतीवर. सावली पडणारी मूर्ती असो की सपाट चित्र. फक्त सावली पडणारीच आकृती मना आहे असं म्हणणाऱ्यांचं मत त्यांनी तिथेच खोडून काढलंय. पण त्याच ओघात ते सांगतात की झाड, उंटाचं खोगीर वगैरे निर्जीव वस्तूंच्या चित्राला हरकत नाही. याला आधार आहे हजरत इब्न अब्बास यांच्या हदीसचा. चित्रं काढून पोट भरणारा एक माणूस त्यांच्याकडे आला. त्यांनी त्याला चित्रकारांवरच्या शिक्षेची हदीस ऐकवली, माणसाचा चेहरा उतरला, तेव्हा ते म्हणाले, काढायचंच असेल तर झाडं काढ, ज्यात रूह (जीव) नाही ते काढ. सगळा छंद या एका परवानगीवर उभा करता येतो.

झाडांच्या बाबतीतही एक मजेशीर अपवाद नोंदलेला आहे. मुजाहिद या जुन्या आलिमांना (धर्मपंडितांना) फळ देणाऱ्या झाडाचं चित्र नापसंत होतं. बाकी कोणी ते मत धरलं नाही, हे कोकणाच्या पथ्यावर पडलं म्हणायचं. नाहीतर आंबा, माड, फणस, काजू सगळेच बाद झाले असते आणि हातात उरलं असतं सुरूचं झाड.

यापुढच्या तीन गोष्टी अ‍ॅनिमेशन करणाऱ्याने लक्षात ठेवाव्यात, कारण चुका इथेच होतात.

पहिली: कल्पनेतला प्राणी म्हणजे पळवाट नव्हे. निसर्गात ज्याला जोड नाही असा प्राणीसुद्धा शाफई फिकहच्या (धर्मकायद्याच्या) प्रचलित ग्रंथांत मनाईतच मोडतो. म्हणजे पंखवाला हत्ती काढून सुटका नाही. तोच न्याय लावला तर डोळे-तोंड लावलेला हापूस हा आंबा राहत नाही, पात्र होतो. मुलांच्या गाण्यांच्या व्हिडिओंत फळांना आणि गाड्यांना चेहरे चिकटवायची जी सवय आहे, ती इथे चालणार नाही.

दुसरी: डोक्याला विशेष वजन आहे. अबू दाऊद आणि तिरमिझी यांच्या संग्रहांत हदीस आहे की आकृतीचं डोकं काढून टाका, म्हणजे ती झाडासारखी होईल. त्यावरून जगायला आवश्यक असलेला अवयवच नसेल तर ती सजीवाची आकृती धरायची नाही, असा विचार पुढे आला. नुसता हात, दोर ओढणारी मूठ, वाळूतली पावलं अशी दृश्यं या आधारावर बरेच जण घेतात. उलट, धड नसलेला नुसता चेहरा मात्र सगळ्यात जास्त वादाचा. डोळे-नाक न काढलेल्या गोल डोक्याच्या बाहुलीबद्दल आणि काळ्या सावलीसारख्या आकृतीबद्दल एकमत नाही.

तिसरी: कॅमेऱ्याचा फतवा हाताने काढलेल्या चित्राला लावू नका. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी फोटोला परवानगी दिली ती या तर्काने, की त्यात नवी आकृती घडवली जात नाही, असलेली सावली धरून ठेवली जाते. पाकिस्तानचे मुफ्ती तकी उस्मानी पडद्यावरची डिजिटल प्रतिमा कागदावर छापली जात नाही तोवर तिला तसवीर मानत नाहीत. देवबंदच्या फतव्यांत मात्र डिजिटलही तसवीरच. पण हा वाद मुळात कॅमेऱ्याचा आहे. टॅब्लेटवर स्टायलसने माणसाचा चेहरा रेखाटला तर "डिजिटल आहे ना, मग चालतं" एवढं म्हणून भागत नाही. व्हिडिओ खाली ठेवून वरून गिरवणं, ज्याला रोटोस्कोप म्हणतात, तेही शेवटी हाताने काढणंच.

लहान मुलांसाठी सवलत आहे, ती पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्या बाहुल्यांवरून. त्यांच्याकडे पंख असलेला कापडी घोडा होता आणि पैगंबर साहेबांनी त्याबद्दल विचारलं, त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर ऐकून ते हसले, ही हदीस सर्वांना ठाऊक आहे. काही समकालीन आलिम ही सवलत मुलांच्या शैक्षणिक कार्टूनपर्यंत नेतात, काही खेळण्यापाशीच थांबवतात. मौलानांना विचारायचंच असेल तर "अ‍ॅनिमेशन जायज आहे का" असा मोघम प्रश्न नेऊ नका. उत्तर बहुधा "नाही" येतं आणि झाडं-लाटांचा छंदही त्यात वाहून जातो. सरळ विचारा: हाताने काढलेलं आहे, माणूस-प्राणी नाही, छापणार नाही, मुलांना दाखवायचं आहे. आणि मौलाना शाफई आहेत की बाहेरून आलेले हनफी, हेही माहीत असू द्या.

प्रत्यक्षात काय होत आलं हा निराळा इतिहास. मुरुडच्या जंजिऱ्याच्या दरवाज्याशी, सिद्दींच्या किल्ल्यावर, पंजांत हत्ती धरलेला वाघासारखा प्राणी कोरलेला आहे. बोटीतून उतरणारा प्रत्येक जण तो पाहतो. तो तिथे आहे म्हणून फिकह बदलत नाही, आणि फिकह कडक आहे म्हणून तो कोणी फोडलाही नाही.

आता सॉफ्टवेअरकडे.

क्रिटा फुकट आहे आणि मुक्त स्रोत आहे. केडीई समूहातले लोक ते बनवतात. विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. अँड्रॉइडवर टॅब्लेटसाठी आहे, फोनसाठी नाही. अ‍ॅनिमेशनची सोय 2016 च्या 3.0 आवृत्तीपासून आहे आणि डिसेंबर 2021 च्या 5.0 मध्ये ती बरीच सुधारली. जुन्या लॅपटॉपवर कोणी 4 ची आवृत्ती टाकून दिली असेल तर ती काढा. पुढे सांगितलेल्या निम्म्या गोष्टी तिच्यात नाहीत.

लॅपटॉपला 8 जीबी रॅम असावी. 4 वर चालतं, पण रडत चालतं. हिशेब सोपा आहे: 1920 गुणिले 1080 ची एक पूर्ण भरलेली फ्रेम साधारण 8.3 एमबी घेते. सेकंदाला 12 चित्रांनी दहा सेकंद केले तर 120 चित्रं, म्हणजे एका थरामागे (लेयरमागे) जवळपास 1 जीबी. क्रिटा चित्र छोट्या चौकोनांत साठवतं आणि कोऱ्या जागेला मेमरी लावत नाही, त्यामुळे नुसत्या रेघांच्या थराला यापेक्षा पुष्कळ कमी लागते. पण आकाश-समुद्राचे रंगवलेले थर दर फ्रेमला नव्याने काढाल तर मशीन बसलंच. पार्श्वभूमी एकच स्थिर थर ठेवा आणि हलणारं तेवढंच वेगळ्या थरावर घ्या. शिवाय सेटिंग्जमधल्या परफॉर्मन्समध्ये अ‍ॅनिमेशन कॅश रॅमऐवजी डिस्कवर टाकता येतो. कमी रॅमवाल्यांनी ते पहिल्याच दिवशी करावं.

पेन टॅब्लेट साधा, छोटा पुरतो. दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक होत नसेल किंवा बाण हातापासून सरकून पडत असेल तर टॅब्लेट खराब आहे असं धरून परत करायला धावू नका. विंडोजवर क्रिटाच्या टॅब्लेट सेटिंग्जमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय आहेत. जो चालू आहे तो सोडून दुसरा निवडा आणि क्रिटा बंद करून पुन्हा उघडा. दहातल्या नऊ तक्रारी इथेच मिटतात. किनाऱ्यावरच्या खारट दमट हवेत पेनचं टोक आणि यूएसबीची पिन दोन्हींना ओल धरते. वापर नसेल तेव्हा टॅब्लेट सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात ठेवलेला बरा. कागदावर फ्लिपबुक करणाऱ्यांना तर जून ते सप्टेंबर विचारूच नका, पानांच्या कडा फुगून चळत जुळतच नाही. त्या चार महिन्यांत पडद्यावरचं काम सोयीचं.

नक्षीपासून सुरुवात करा, कारण क्रिटाचं सगळ्यात चांगलं रूप तिथे दिसतं. क्यू दाबलं की मल्टिब्रश येतो. सिमेट्री निवडा, ब्रशची संख्या 8 करा, आणि एक पाकळी काढलीत की मध्याभोवती आठ उमटतात. स्नोफ्लेक निवडलंत तर फिरवण्याबरोबर आरशातली प्रतिमाही पडते. एक खबरदारी: मल्टिब्रशचा मध्य फ्रेम बदलताना हलता कामा नये. हलला की नक्षी प्रत्येक फ्रेमला किंचित सरकते आणि चालवल्यावर थरथर दिसते, मग दोष हाताला दिला जातो. मल्टिब्रश मोकळ्या हाताच्या रेघांसाठी आहे, सरळ रेषेच्या अवजाराला तो लागू होत नाही. सरळ भूमितीसाठी दुसरा रस्ता आहे.

आठ टोकांची चांदणी घ्या. मशिदीच्या जाळीत, फरशीत, निकाहपत्रिकेच्या किनारीत हीच असते: दोन सारखे चौरस, एक सरळ, एक 45 अंशांत फिरवलेला. कॅनव्हास 2048 गुणिले 2048 घ्या. आयताच्या अवजारात रुंदी-उंची दोन्ही 1448 बांधून टाका आणि चौरस नेमका मध्यावर बसवा. कंट्रोल+जे ने थराची प्रत काढा, कंट्रोल+टी दाबा, रोटेटमध्ये 45 लिहा. फिरवलेल्या चौरसाची टोकं कॅनव्हासच्या चारही कडांच्या बरोबर मध्यावर टेकतात, कारण 1024 ला 2 च्या वर्गमुळाने गुणलं की 1448 येतं. आता डब्ल्यू दाबा. रॅप अराउंडमध्ये हाच तुकडा चारी बाजूंना पसरलेला दिसतो, आणि चांदण्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत आपोआप टोकदार फुल्या तयार होतात. चांदणी आणि फुली, इराणच्या फरशांपासून चालत आलेली जोडी.

इथे गडबड होते ती आकड्यात. 1448 ऐवजी सोयीचं म्हणून 1440 घेतलंत तर टोक प्रत्येक बाजूला सुमारे पावणेसहा पिक्सेल आखूड पडतं आणि दोन चांदण्यांमध्ये साडेअकरा पिक्सेलची फट राहते. एका तुकड्यात ती कळत नाही, पसरल्यावर सगळीकडे दिसते. दुसरं, लहान आकारात चौरस फिरवला की रेघ धूसर होते. म्हणून 2048 वर काढा, शेवटी 512 वर आणा.

ही चांदणी हलवायची कशी? फिरणाऱ्या चौरसाच्या, म्हणजे अजून 45 अंशांत न फिरवलेल्या प्रतीच्या थरावर ट्रान्सफॉर्म मास्क (मूळ चित्र न बदलता थर फिरवणारा मास्क) टाका, फ्रेम 0 ला 0 अंश आणि फ्रेम 24 ला 45 अंश अशा दोन चाव्या (कीफ्रेम) द्या. नुसत्या सरळ वेगाने फिरवलंत तर घड्याळाचा काटा फिरल्यासारखं यांत्रिक दिसतं. अ‍ॅनिमेशन कर्व्ह्जमध्ये वक्र असा ओढा की सुरुवात सावकाश, मध्ये वेग, शेवटी पुन्हा सावकाश. सेकंदाला 24 फ्रेमने बरोबर एका सेकंदात एक चौरस उमलून चांदणी होते. निकाहपत्रिकेच्या व्हिडिओला एवढं पुष्कळ झालं. उभा 1080 गुणिले 1920 चा कॅनव्हास घ्या आणि चांदणी वरच्या तिसऱ्या भागात ठेवा, म्हणजे खाली नावांना जागा राहते. जीआयएफ काढू नका, त्यात 256 च रंग असतात आणि संध्याकाळच्या आकाशाचे पट्टे-पट्टे पडतात. एमपी4 काढा.

खरी मजा पाण्यात आहे. लाट म्हणजे वर-खाली होणारी रेघ असं समजून काढली की ती पंख्यासमोरच्या चादरीसारखी दिसते. किनाऱ्यावर येणारं पाणी झपाट्याने वर चढतं, क्षणभर थांबतं आणि सावकाश ओसरतं. चढण्यापेक्षा ओसरायला वेळ जास्त लागतो. ही असमानता साधली की निम्मं काम झालं. सेकंदाला 12 चित्रं धरून सहा सेकंदांची लाट करा: चढायला 24 चित्रं, टोकाला थांबायला 6, ओसरायला 42. एकूण 72. आधी पाचच मुख्य चित्रं काढा: पाणी फ्रेमच्या तळाशी, निम्म्यावर, पूर्ण वर, ओसरून निम्म्यावर, पुन्हा तळाशी. मग बल्बचं चिन्ह दाबून ओनियन स्किन चालू करा आणि मधली भरा. मागच्या-पुढच्या दोन-दोन फ्रेम दिसल्या तरी पुरे, जास्त केल्यात तर रेघांच्या गर्दीत आपली रेघच सापडत नाही.

फेस वेगळ्या थरावर घ्या. चढताना तो पाण्याच्या कडेला जाड, सलग दोरीसारखा असतो; ओसरताना त्याची जाळी होते, जाळी फाटते, आणि तुकडे वाळूत जिरतात. ते तुकडे पाण्याबरोबर मागे ओढायचे नाहीत, जागच्या जागी बारीक करत न्यायचे. नवशिके ही लाट चढतीची चित्रं उलट लावून ओसरवतात आणि फसतात: फाटलेला फेस परत जुळताना दिसतो, डोळ्याला लगेच खटकतं. ओली वाळू हा तिसरा थर, गडद रंगाचा. पाणी गेलं की तो लगेच पुसायचा नाही, अपारदर्शकता 100 वरून 20 पर्यंत त्या 42 फ्रेममध्ये उतरवायची. गुहागरच्या पुळणीवर ओहोटीला उभं राहून पाहिलंत तर पाणी गेल्यावरही चमक मागे रेंगाळते, ती हीच.

शेवटची आणि पहिली फ्रेम सारखी ठेवली की लूपमध्ये उचकी लागते, कारण तेच चित्र दोनदा दिसतं. 0 ते 71 वर लूप बांधा. 72 क्रमांकाची फ्रेम म्हणजे पुन्हा 0, ती ठेवायची नाही. ज्यांना पुढे जायचं असेल त्यांनी हीच लाट दोन प्रकारे करून पाहावी, अमावास्येच्या उधाणाची आणि अष्टमीच्या भांगाची, म्हणजे कमी भरतीची. चित्रं तीच, पाणी किती वर पोचतं आणि फेस किती, एवढाच फरक. कथा म्हणून तेवढंही पुरतं.

माडाची झावळ थोडक्यात: देठ आणि पाती एका थरावर, टोकाच्या पाती दुसऱ्यावर. दोन्हींना ट्रान्सफॉर्म मास्क, फिरण्याचा बिंदू झावळ खोडाला जिथे चिकटते तिथे. देठाला फ्रेम 0, 18, 40, 60 वर 0, 4, उणे 2 आणि 0 अंश. टोकाला तेच आकडे, पण दोन-तीन फ्रेम उशिरा, म्हणजे आधी देठ वळतो आणि टोक मागून येतं. हा उशीर विसरला की झावळ पुठ्ठ्याची वाटते. बिंदू चुकून मध्यावर राहिला तर झावळ पंख्याच्या पात्यासारखी गरगरते. तसं झालं तर आकडे बदलत बसू नका, बिंदू तपासा. ट्रान्सफॉर्म मास्क मोठ्या थरावर मशीनला जड जातो, म्हणून काम करताना झावळ छोट्या आकारात ठेवा.

शिडाची होडी काढताना नवाच प्रश्न येतो: माणसांशिवाय होडी ओसाड दिसते. यावर उपाय हालचालीत आहे. ताणला जाणारा दोर, फडफडून मग भरणारं शीड, डोलकाठीवरचं निशाण, पाण्यातली रेघ. कोणीतरी सुकाणू धरून आहे हे न दाखवता कळतं. अ‍ॅनिमेशन शिकवणारे अर्ध्या भरलेल्या पिठाच्या पोत्याचा सराव देतात, ज्यात चेहरा नसताना पोतं दमलंय की उड्या मारतंय ते नुसत्या वाकण्यावरून दाखवायचं असतं. फिकहची चर्चा आकाराबद्दल आहे, हालचालीबद्दल नाही, आणि म्हणून हा सराव या छंदाला फार जवळचा. तरी पोत्याला हात-पाय फुटू देऊ नका.

आवाजाबद्दल: ज्या घरात वाद्य चालत नाही त्यांनी लाट, पाऊस, वल्ह्याचा आवाज फोनवर घ्यावा. माइक वाऱ्याकडे पाठ करून, भिंतीच्या किंवा होडीच्या आडोशाला धरावा, नाहीतर नुसती भरभर येते. क्रिटात डब्ल्यूएव्ही फाइल बिनतक्रार बसते.

आता दोष. हाडांचा सांगाडा बसवून पात्र हलवायची सोय नाही, पण ते आपल्याला नकोच आहे. मजकूर ही खरी दुखरी जागा. ऑक्टोबर 2023 च्या 5.2 मध्ये अक्षरांची यंत्रणा नव्याने लिहिली गेली आणि देवनागरी जोडाक्षरं पूर्वीपेक्षा बरीच नीट बसतात. पण उर्दू नस्तालीकमध्ये कुराणातली आयत किंवा दुवा लिहायची असेल तर क्रिटावर विसंबू नये. इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहा, पारदर्शक पीएनजी करा, आणून लावा. आयतीत एक नुक्ता सरकला तर चूक साधी राहत नाही, म्हणून अरबी वाचणाऱ्याकडून तपासून घेतल्याशिवाय व्हिडिओ पाठवू नका. आणि अक्षरं उडवणं, फोडणं, पायदळी जाईल अशा जागी छापणं टाळा. इथे हरकत चित्राची नसून अदबीची आहे.

टाइमलाइनवर नवखे हमखास अडकतात. थरावर पहिली फ्रेम तयार केल्याशिवाय तो थर स्थिरच असतो, म्हणून पाचव्या फ्रेमवर काढलेली लाट पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसते. आधी फ्रेम, मग रेघ. थर टाइमलाइनवर दिसतच नसेल तर तो पिन केलेला नाही. 5.2 च्या आधीच्या आवृत्तीत व्हिडिओ काढायला एफएफएमपेग हे व्हिडिओ बनवणारं सॉफ्टवेअर वेगळं उतरवून त्याची वाट दाखवावी लागे. रेंडर होत नाही म्हणून रडणाऱ्यांची आवृत्ती बहुधा तीच असते. पावसात वीज जाते, तेव्हा ऑटोसेव्ह 2 मिनिटांवर आणा आणि मोठ्या बदलाआधी फाइल नव्या नावाने ठेवा.

आणि एक किरकोळ गोष्ट, पण विचारली जाते. क्रिटाचं शुभचिन्ह कीकी नावाची खार आहे आणि उघडताना पडद्यावर चित्र झळकतं. ज्यांना तेवढंही नको त्यांनी विंडोजच्या शॉर्टकटमध्ये "--nosplash" हा पर्याय जोडावा.

पर्यायांत फोनवर फ्लिपाक्लिप आहे. बोटाने लाटेचा सराव करायला छान, पण फुकट आवृत्तीत व्हिडिओवर त्यांचा शिक्का येतो आणि अशी भूमिती त्यात जमत नाही. ब्लेंडरही फुकट आणि ताकदवान आहे, जाळीदार नक्षी त्रिमितीत फिरवायची असेल तर तोच हवा. पण तो मशीनला जड जातो आणि शिकायला महिने जातात. सजीवाची आकृती त्यात बनवून थ्रीडी प्रिंट काढली तर ती सावली पडणारी आकृती होते, आणि तिथे चारही मजहबांत पळवाट सापडणं अवघड.

क्रिटा विंडोज स्टोअर आणि स्टीमवर पैसे घेऊन मिळतं, संकेतस्थळावर फुकट. आतलं सॉफ्टवेअर तेच आहे. पैसे दिलेत तर अपडेट आपोआप येतात आणि बनवणाऱ्यांना हातभार लागतो. न दिलेत तरी एकही अवजार कमी मिळत नाही. कोणी पेन ड्राइव्हवर "फुल व्हर्जन" विकत असेल तर ते घेऊ नका, फुकटच्या वस्तूचं फुल व्हर्जन नसतं.